कट्ट्याचं काम सुरू होतंय: वर्षाची चटणी, धान्य, सणाची भांडी कुठं आणि कशी बसवायची?

ओलीहळद

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला आमच्या रो हाऊसचं काम चालू आहे. प्लॅस्टर झालंय, फरशी व्हायची आहे आणि त्यानंतर लगेच स्वयंपाकघराचा कट्टा. खोली १० बाय ८ फूट. पूर्वेच्या दहा फुटी भिंतीला खिडकी आणि सिंक, तिथून वळून आठ फुटी भिंतीला गॅस, असा एल आकाराचा कट्टा. समोरची दहा फुटी भिंत हॉलला लागून आहे, तिच्यातच आत यायचं दार. उरलेल्या आठ फुटी भिंतीत मोरीचं दार आणि त्याशेजारी फ्रिज.

घरात सहा जण: सासूबाई, सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं.

इंटिरियरवाल्यांनी दिलेलं ड्रॉइंग देखणं आहे. वर सगळीकडं काचेच्या दारांची कपाटं, खाली सगळ्या ट्रॉल्या, फ्रिजजवळ उंच पुलआउट. ते मी सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि विचारलं, "चटणीच्या बरण्या कुठं ठेवायच्या?" मला उत्तर देता आलं नाही, कारण त्या ड्रॉइंगमध्ये कुठंच तेवढी जागा नाही.

आमच्यात कांदा-लसूण चटणी अजून वर्षाची होते. गहू एकावेळी ५० किलो, तांदूळ २५ किलो, ज्वारी लागेल तशी. १५ किलोचा तेलाचा डबा, गूळ, लोणच्याच्या बरण्या, शेवया-कुरडया-सांडगे. शिवाय रविवारच्या मटणाची मोठी पातेली, काटवट, दोन पराती, आणि गौरी-गणपतीला माळ्यावरून निघणारं पितळ.

हे सगळं मावेल आणि रोज वापरताना वाकून-चढून जीव जाणार नाही, अशी रचना कशी करावी? ज्यांनी अलीकडं घर बांधलंय किंवा स्वयंपाकघर नव्यानं केलंय त्यांनी मापांसकट सांगितलं तर फार उपयोग होईल.

साधी_भाकरी

ओलीहळद ताई, सासूबाईंचा प्रश्न अगदी बरोबर आहे. सगळी आखणी त्या प्रश्नापासून सुरू करा.

आधी घरातल्या वस्तू मोजा. टेप आणि वही घ्या आणि सगळ्यात मोठी बरणी, पिंप, परात, काटवट, कुकर, तेलाचा डबा, मिक्सर यांची उंची आणि रुंदी लिहून काढा. झाकण उघडायला वर किती जागा लागते तेही लिहा. तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा साधारण साडेनऊ इंच चौरस आणि १४ इंच उंच असतो. तो आठ इंची ट्रॉलीत जाणार नाही, वरच्या कपाटातून उतरवणारही नाही कुणी. मग तो कायम जमिनीवर, दाराच्या मागं दिसतो. बऱ्याच नव्या स्वयंपाकघरांत असंच होतं. देखण्या कपाटांत कपबशा आणि जमिनीवर धान्य.

दुसरं असं की रोज लागणारं आणि साठ्याचं सामान एकाच जागी कोंबायला जाऊ नका. जुन्या घरात कोठीची खोली वेगळी असायची. चुलीजवळ फक्त त्या दिवसाचं, फार तर त्या आठवड्याचं असायचं. आता वेगळी खोली परवडत नाही, पण एक भिंत काढता येते. तुमची हॉलला लागून असलेली भिंत त्यासाठी सोन्यासारखी आहे. ती आतली भिंत, पावसाळ्यात ओल धरणार नाही. तिथं जमिनीपासून सात फुटांपर्यंत एकच कपाट करा, तीन फूट रुंद आणि आतून १४ इंच खोल. त्याहून खोल नको. १४ इंचांत बरण्यांची एकच रांग बसते, फार तर पुढं एक छोटा डबा. दार उघडलं की काय आहे आणि काय संपलंय ते दिसतं. दोन फूट खोल कपाटात मागची डाळ मागंच राहते आणि तिला सोंडे लागल्यावरच कळतं.

गॅसजवळ मग मिसळणाचा डबा, आठवड्याच्या चटणीची छोटी बरणी, तेलाची किटली, मीठ, साखर-चहा, एवढंच. मोठी बरणी रोज उघडायची नाही, त्यामुळं चटणीही टिकते.

शेंगाची_पोळी

साधी_भाकरी काकूंना पूर्ण अनुमोदन. वस्तू मोजायचं काम सुताराला बोलावायच्या आधी करा. तो समोर उभा असताना काही आठवत नाही.

मिस्त्रीकाम

मी याच धंद्यातला आहे, कोल्हापूर आणि आसपासच्या गावांत ट्रॉल्या आणि फर्निचरची कामं करतो. मापं देतो.

कट्ट्याची उंची ३४ इंच धरली तर वरचा ग्रॅनाइट आणि त्याखालचा थर मिळून दीड इंच जातो. खाली पायाचा अंगठा आत जाण्यासाठी ३ ते ४ इंचांची खाच सोडावी लागते, नाहीतर कट्ट्याला टेकून उभं राहता येत नाही. उरतात २८-२९ इंच. त्यात तीनच ट्रॉल्या नीट बसतात. लोक चार मागतात, मग प्रत्येक उथळ होते आणि उभं काहीच राहत नाही. बाजारात जाळीच्या ट्रॉल्या ४, ६ आणि ८ इंच उंचीच्या तयार मिळतात. वरची ४ इंची चमचे-झाऱ्यांना, मधली ६ इंची वाट्या-ताटल्यांना, खालची ८ इंची पातेल्यांना. खालच्या ट्रॉलीच्या वर चांगली दोन-तीन इंच मोकळी जागा सोडायची, म्हणजे पातेलं कडेवरून वर आलं तरी घासत नाही.

रुंदीचं गणित: टेलिस्कोपिक चॅनेल, म्हणजे ट्रॉली ज्यावर सरकते ती पट्टी, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच खातं. म्हणजे आतली मोकळी रुंदी २१ इंच असेल तर ट्रॉली २० इंचाची. तुमची परात १८ इंचाची असेल तर ती या ट्रॉलीत आडवी मावते, पण अख्खी ट्रॉली तिच्यासाठीच जाते. म्हणून पराती, काटवट, तवे, पोळपाट आडवे ठेवू नका. गॅसच्या डाव्या किंवा उजव्या हाताला आठ-नऊ इंचांची एक उभी फट सोडा, त्यात दोन उभ्या फळ्या घाला. सगळं पुस्तकासारखं उभं राहतं, एक काढायला दुसरं उचलावं लागत नाही. या फटीला चॅनेल लागत नाही, ट्रॉली लागत नाही, खर्च जवळजवळ नाहीच.

धान्याचं: ५० किलो गव्हाला साधारण ६५ लिटर जागा लागते. १६ इंच व्यास आणि २० इंच उंचीचं गोल पिंप तेवढंच भरतं. २५ किलो तांदळाला ३० लिटर धरा, १४ इंच व्यास आणि १३ इंच उंची पुरते. म्हणजे दोन्ही कट्ट्याखाली जातात. पण ट्रॉलीवर नको. साधी चॅनेल ३५ ते ४५ किलोच्या वजनाला केलेली असतात आणि भरलेली ट्रॉली पूर्ण बाहेर ओढली की सगळा भार पुढच्या टोकाला येतो. चाकाच्या स्टँडवर पिंप ठेवा आणि कट्ट्याखाली तेवढा भाग तळाच्या फळीशिवाय मोकळा सोडा. ओढायचं, गहू काढायचा, आत ढकलायचं.

काकूंनी सांगितलेल्या उंच कपाटाबद्दल एक सांगतो. तीन फुटांची फळी सलग ठेवू नका. अठरा मिलिमीटरच्या प्लायवर बरण्या आल्या की तीन फुटांत ती मधे झुकते. मधोमध उभी फळी टाकून दीड-दीड फुटाचे दोन भाग करा.

ओलीहळद

बापरे, किती नेमकं सांगितलंत दोघांनी! मिस्त्रीदादा, उभ्या फटीची कल्पना फार आवडली. मी काल बसून मोजलं: चटणीच्या दोन बरण्या १३ आणि ११ इंच उंच आहेत, काटवट १७ इंच, मोठी परात १९ इंच. परात उभी ठेवली तर चालेल ना, उंचीत?

प्लाय कुठला घ्यावा याबद्दलही सांगा. मोरी शेजारीच आहे आणि सिंकही. शिवाय कडाप्प्याच्या फळ्या घ्याव्यात असं सासरे म्हणतात.

पेठेतला_माणूस

सासऱ्यांचं ऐका, असं मी म्हणेन.

आमचं घर शुक्रवार पेठेच्या खालच्या अंगाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी घरात आलं, २०२१ च्या जुलैमध्ये परत आलं. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट धरतात, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पहिल्या पुरानंतर प्लायची सगळी खालची कपाटं फुगून उकलली, दारं बंद होईनात. धान्य तर गेलंच.

त्यानंतर आम्ही स्वयंपाकघर पूर्ण वेगळ्या पद्धतीनं केलं. कट्ट्याखाली लाकूड शून्य. उभे आधार कडाप्प्याचे, स्टीलच्या ट्रॉल्या उचलून बाहेर काढता येतील अशा, दारं अॅल्युमिनियमच्या चौकटीची. बिजागऱ्या काढल्या की दारही हातात येतं. विजेचे सगळे पॉइंट कट्ट्याच्या वर. धान्याचा साठा वरच्या मजल्यावर, जिन्याखाली नाही. दुसऱ्या वेळी पाण्याचा इशारा मिळाल्यावर ट्रॉल्या आणि दारं काढून वर नेली. पाणी ओसरल्यावर चिखल धुतला, कडाप्पा होता तसाच.

कळंब्याकडं पुराचा प्रश्न नाही हे मला माहीत आहे, पण नागाळा पार्क, शाहूपुरी, बापट कॅम्प, दुधाळी या भागांतले कुणी हा धागा वाचत असतील त्यांच्यासाठी लिहितोय. तळमजल्यावर महागडं मॉड्युलर बसवायच्या आधी भिंतीवरची पाण्याची जुनी खूण बघा.

आणखी एक. त्या पुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहराला नळाचं पाणी कित्येक दिवस आलं नाही. सगळीकडं पाणी आणि प्यायला घोटभर नाही. त्यामुळं पिण्याच्या पाण्याचं एक मोठं पिंप किंवा दोन-तीन हंडे-कळश्या ठेवायला जागा आखा, घर कुठल्याही भागात असो. फिल्टर लावला की ही जागा लोक काढूनच टाकतात.

मिस्त्रीकाम

वरच्या दादांनी लिहिलेलं योग्य आहे. पूरपट्ट्यात मी स्वतःही प्लाय सुचवत नाही.

ओलीहळद ताई, १९ इंची परात उभी मस्त राहील, २८ इंचांत भरपूर जागा आहे. आतली खोली २१-२२ इंच मिळते, त्यामुळं दारही बंद होईल.

प्लाय घ्यायचाच तर कट्ट्याखाली 'आयएस ७१०' शिक्का असलेला घ्या, उकळत्या पाण्यात टिकणारा तो. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ कट्ट्याखाली नकोच, एकदा पाणी लागलं की फुगतात. शिक्क्याइतकंच कडांना महत्त्व आहे. पाणी प्लायमध्ये कडेनं शिरतं. पाइपसाठी पाडलेली भोकं, तळाच्या कडा, मागची बाजू, सगळीकडं पट्टी किंवा सीलंट हवं. बरेच कारागीर समोरची दिसणारी कड तेवढी झाकतात, तुम्ही उभं राहून बघा.

सिंकखाली प्लाय कुठलाही नको. तिथं गळती आज ना उद्या होतेच. तो भाग कडाप्पा किंवा नुसती टाइल, तळ उघडा. कचऱ्याचा डबा, फरशी पुसायचं सामान, झालं. तिथं कांदे-बटाटे ठेवू नका.

स्टीलच्या ट्रॉल्या घेताना ३०४ ग्रेड मागा. स्वस्तातल्या २०२ च्या असतात, त्यांना मीठ-लोणच्याच्या ओलीनं लवकर गंज धरतो. चुंबक लावून हा फरक कळत नाही, दोन्हींना चुंबक नीट चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

पुलआउट_पसंत

कडाप्पा टिकतो, मान्य. पण इथं सगळेच ट्रॉल्यांच्या विरोधात चाललेत असं वाटलं म्हणून दुसरी बाजू मांडतो.

माझ्या आईला गुडघ्यांचा त्रास आहे. आमच्या जुन्या कट्ट्याखाली कडाप्प्याच्या दोन फूट खोल फळ्या होत्या. मागचं पातेलं काढायला तिला अक्षरशः जमिनीवर बसावं लागायचं. आता खाली सगळे पूर्ण बाहेर येणारे खोके आहेत, बाजू बंद असलेले. उभ्यानंच वरून सगळं दिसतं. तिला आता कुणाला हाक मारावी लागत नाही, याचं मोल मी पैशात करू शकत नाही. घरात वय झालेलं माणूस असेल तर निदान गॅसच्या दोन्ही बाजूंना तरी खण बाहेर येणारेच हवेत.

टाळायला हव्यात त्या कोपऱ्यातल्या फिरत्या जाळ्या. एल आकाराच्या कोपऱ्यात दोन बाय दोन फुटांचा चौकोन अडकतो आणि त्यासाठी फार महाग यंत्रणा विकली जाते. तिच्यावर भारी वजन ठेवता येत नाही. कोपरा एका बाजूनं साध्या दारानं उघडा ठेवा आणि त्यात वर्षातून चार वेळा लागणारं ठेवा.

साधी_भाकरी

पुलआउट_पसंत, तुमच्या आईंबद्दल वाचून बरं वाटलं. विरोध नाही हो. मी म्हणते ते साठ्याबद्दल. रोजची भांडी बाहेर येणाऱ्या खणातच सोयीची. पिंप, बरण्या, तेलाचे डबे यांना खण नकोत. दोन्ही एकाच स्वयंपाकघरात राहू शकतं: गॅसच्या बाजूला खण, सिंकच्या बाजूला कडाप्पा. सगळ्या भिंतीला एकच पद्धत लावायचा आग्रह ड्रॉइंग काढणाऱ्याचा असतो, स्वयंपाक करणाऱ्याचा नसतो.

ओलीहळद ताई, काचेच्या दारांच्या कपाटांचं काय ठरवलंत? खिडकीच्या समोर ती असतील तर त्यात चटणी, हळद, लोणचं काहीच ठेवता येणार नाही.

बीज_आणि_माती

हे काकूंनी बरं काढलं, त्यावरच लिहायचं होतं. मी अन्नप्रक्रिया शिकले आहे, त्या बाजूनं थोडं.

चटणीचा लाल रंग उजेडानं आणि उष्णतेनं उतरतो. ब्याडगी आपण रंगासाठी घालतो आणि मग तीच चटणी काचेच्या बरणीत खिडकीपाशी ठेवतो. शिवाय कांदा-लसूण चटणीत तेल, खोबरं आणि तीळ असतात. उष्णतेनं ते खवट होतात. म्हणजे तिला अंधार, गारवा आणि कोरडेपणा तिन्ही लागतात. चिनी मातीच्या बरणीत उजेड शिरत नाही, म्हणून ती चांगली. गॅसच्या वरचं कपाट मसाल्यासाठी सगळ्यात वाईट जागा आहे, कारण खालून धग आणि वाफ दोन्ही येते. तरी जवळजवळ प्रत्येक तयार ड्रॉइंगमध्ये मसाले तिथंच दाखवलेले असतात.

गूळ हवेतलं पाणी ओढतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं तो पाझरायला लागतो. घट्ट झाकणाचा डबा, लहान तुकडे, आणि फ्रिजमागची गरम जागा टाळायची.

कांदा आणि बटाटा शेजारी ठेवू नयेत, एकमेकांच्या सहवासात दोन्ही लवकर खराब होतात. दोघांनाही वारा लागतो. बटाट्याला वर अंधारही लागतो, नाहीतर हिरवा पडतो. बंद ट्रॉलीत दोन्ही कुजतात. जाळीच्या दोन वेगळ्या टोपल्या आणि समोर छिद्रांचं किंवा पट्ट्यांचं दार, एवढं पुरे.

धान्याला ऊन देऊन लगेच गरम-गरम पिंपात भरू नका. आत वाफ धरते. पसरून गार होऊ द्या, मग भरा. आणि नवीन गहू जुन्यावर ओतू नका. तळाला राहिलेल्या जुन्या मूठभर गव्हातूनच सोंडे वर चढतात. पिंप रिकामं करून, पुसून, वाळवून मगच भरा. यासाठी ते उचलता किंवा आडवं करता आलं पाहिजे, म्हणून चाकाच्या स्टँडची कल्पना मला पटली.

माहेर_राधानगरी

माळ्याबद्दल कुणी बोललं नाही अजून. आमच्याकडं सात फुटांवर तिन्ही भिंतींना माळा होता. म्हणजे भरपूर जागा, पण कोंदट. वाफ वर अडकायची आणि माळ्याच्या खालच्या बाजूला काळपट तेलकट थर बसायचा. नूतनीकरणात दोन भिंतींचा काढून टाकला, गॅसच्या वरचा आधी. एका भिंतीचा ठेवला, तोही मोरीच्या दाराच्या वरचा.

माळ्यावर हलकं ठेवा: सोऱ्या, शेवयाचं यंत्र, फराळाचे रिकामे डबे. जादा चादरी नकोत. पितळी घंगाळ आणि तांब्याचे हंडे वर नका चढवू. गौरी-गणपतीत घाईच्या वेळी स्टुलावर चढून कुणीतरी डोक्यावरून दहा-बारा किलोचं भांडं खाली देतं आणि खाली उभी असते ती बहुतेक वेळा घरातली सगळ्यात थकलेली बाई. जडशीळ पितळ गुडघ्याच्या उंचीला हवं. एल च्या त्या अडचणीच्या कोपऱ्यात ते छान बसेल.

म्हाई किंवा त्र्यंबोलीच्या यात्रेला पाहुणे येतात तेव्हा लागणारी मोठी पातेली एकात एक घालून ठेवा, झाकणं वेगळी, त्या उभ्या फटीत.

सध्या_पुण्यात

कोल्हापूरचा, पण पुण्यात भाड्याच्या छोट्या फ्लॅटमध्ये. तोडफोड करता येत नाही. भिंतीवरची स्टीलची मांडणी गावाकडून आणली, ताट-वाट्या सगळ्या तिच्यावर. पाणी निथळतं, वास येत नाही. शेजारी विचारतात कुठं मिळाली म्हणून. नव्या घरातही तिला जागा ठेवा असं सुचवतो.

साधी_भाकरी

मांडणीचं अगदी खरं. सिंकच्या बाजूच्या भिंतीला ती हवीच. ओली भांडी बंद कपाटात गेली की झुरळं आलीच म्हणून समजा.

एक राहिलं होतं. ज्वारीची भाकरी थापायची असेल तर ३४ इंच कट्टा बऱ्याच बायकांना उंच पडतो. थापताना खांद्यातून जोर लागतो. भाजी चिरायला कोपराच्या साधारण चार इंच खाली बरं वाटतं, भाकरीला त्याहूनही दोन-तीन इंच खाली. सगळा कट्टा खाली घेऊ नका. गॅसजवळचा दोन-अडीच फुटांचा तुकडा ३१ इंचांवर घ्या, त्याच्या खालीच ज्वारीच्या पिठाचा डबा आणि शेजारच्या उभ्या फटीत काटवट. सासूबाईंना आणि तुम्हाला, दोघींना उभं करून टेपनं मोजा. उंची वेगळी असेल तर जी जास्त भाकरी करते तिचं माप धरा.

ओलीहळद

मंडळी, तुम्ही सगळ्यांनी मिळून माझं घरच बांधलंत. मनापासून आभार.

रात्री जेवणं झाल्यावर आम्ही पाचजण कागद घेऊन बसलो. आतापर्यंत ठरलंय ते असं. काचेची कपाटं रद्द. वर फक्त सिंकच्या डाव्या बाजूला एक साधं बंद कपाट, १२ इंच खोल, कपबशा आणि पाहुण्यांच्या ताटांसाठी. उजव्या बाजूला मांडणी. फ्रिजजवळचं पुलआउट रद्द, त्याच पैशांत हॉलच्या भिंतीला काकूंनी सांगितलेलं उंच कपाट, मधे उभ्या फळीसकट. सगळ्यात खालचा खण १८ इंच उंच, तेलाचा डबा आणि गुळासाठी. त्याच्यावरचा १६ इंच, चटणीच्या बरण्यांसाठी. सासूबाईंनी स्वतः बरणी आणून झाकण उघडून बघितलं. वरचे खण १० आणि ८ इंचांचे, डाळी-कडधान्य आणि उन्हाळी पदार्थांना.

गॅसच्या दोन्ही बाजूंना बाहेर येणारे खण. उजवीकडं उभी फट. डावीकडं भाकरीचा ३१ इंचांचा तुकडा. सिंकखाली आणि पिंपांच्या जागी कडाप्पा, त्यामुळं सासरेही खूश. पितळ कोपऱ्यात. माळा फक्त मोरीच्या दारावर.

आता एकच अडलंय: सिलिंडर. इंटिरियरवाल्यांनी तो गॅसच्या खाली बंद दारामागं दाखवलाय. मोरीत ठेवून पाइप ओढावा का? आणि तसं केलं तर दुसरा सिलिंडर कुठं?

मिस्त्रीकाम

मोरीत नको ताई. ओलीनं बूड गंजतं, आणि रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नेऊ नये, भिंतीतून तर अजिबात नाही.

कट्ट्याखालीच ठेवा, पण शेगडीच्या बरोबर खाली नको, बाजूच्या खणात. सव्वा फूट रुंदी पुरते. सिलिंडर साधारण साडेबारा इंच जाडीचा असतो. उंचीला रेग्युलेटर धरून अडीच फुटांच्या आसपास लागतं, चाकाचं स्टँड असेल तर थोडं जास्तच. म्हणून तिथं खालची खाच आणि तळाची फळी करायची नाही, सिलिंडर सरळ फरशीवर. भाकरीच्या ३१ इंची तुकड्याखाली तो बसणार नाही, तो ३४ इंचांच्या बाजूलाच घ्या. तुमच्या ड्रॉइंगमध्ये उभी फट उजवीकडं आहे, तिच्यापलीकडचा खण बरोबर होईल.

दार बंद पाटीचं करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो खाली साचतो. दाराला तळाशी जाळी किंवा पट्ट्या ठेवा आणि शक्य असेल तर त्या खणाच्या मागच्या भिंतीत फरशीलगत बाहेर उघडणारं एक छोटं जाळीचं भोक काढा. प्लॅस्टर झालंय म्हणालात, पण टाइल बसायची आहे, तोवर हे सहज होतं. त्या खणात विजेचा पॉइंट अजिबात नको, मिक्सरचाही नाही. नळी आयएसआय शिक्क्याची घ्या आणि तिच्यावरची तारीख बघून पाच वर्षांनी बदला.

दुसरा भरलेला सिलिंडर जिन्याखाली कोंडून ठेवू नका. तुमच्या मोरीच्या मागं उघडी जागा असेल तर उभा, सावलीत, टोपण लावून.

ओलीहळद

मागं तीन फुटांची उघडी गल्ली आहे, वर पत्रा टाकता येईल. गवंडी उद्या सकाळी येणार आहे, त्याला आधी ते जाळीचं भोक पाडायला सांगते. उंच कपाटाच्या मागं टाइल लावावी की नुसता रंग?

मिस्त्रीकाम

टाइलचा खर्च वाचवा. भिंत पूर्ण सुकू द्या, पांढरा रंग द्या आणि कपाट भिंतीपासून अर्धा इंच सुटं उभं करा. वरच्या बाजूला दोन क्लॅम्पनी भिंतीला मात्र पक्कं बांधा, घरात मुलं आहेत.